मूल आपल्या हाताने खावयास शिकते तेव्हा

उष्टावण झाले की बालकाचा अन्नाशी परिचय सुरू होतो. परंतु त्यानंतरही कित्येक महिने घास भरविणारा हात दुसऱ्याचाच असतो. ताटाकडे झेपावणारा बालकाचा स्वतःचा हात बहुधा मागे ओढला जातो. कारण मूल सांडते, अंग माखून घेते आणि वेळ फार लावते. वस्तुतः पदार्थ उचलणे, तो मुठीत धरणे व नेमका तोंडापर्यंत नेणे हा बालकाचा पहिला हस्तोद्योग होय. पुढे लेखणी धरणाऱ्या बोटांची तयारी येथूनच होत असते.

हा विषय शाळेच्या कक्षेबाहेरचा नाही. आईवडील शेतावर गेले म्हणजे धाकट्या भावंडास खाऊ घालण्याचे काम अनेक घरी तिसरी-चौथीतील मुलीकडे येते. मूल रडू लागले की ती हाताशी असेल ते, म्हणजे मूठभर फुटाणे, शेंगदाणे किंवा दुकानातील पुड्यातला कुरकुरीत खाऊ, त्याच्या हाती देते. यातील प्रत्येक वस्तू बालकास अपायकारक आहे. त्याऐवजी काय द्यावे, हे तिला व तिच्या आईला समजावून देणारी व्यक्ती पुष्कळदा शिक्षकच असतो.

केव्हा आरंभ करावा

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध पुरेसे असते. सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू करावे आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत वा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आरंभी अन्न कुस्करून मऊ असावे. मूल आधाराने ताठ बसू लागले, मान स्थिर झाली व वस्तू तोंडाकडे नेऊ लागले, म्हणजे ते हाताने खाण्यास सिद्ध होते. आठव्या महिन्याच्या सुमारास बहुतेक मुले मऊ फोड हातात धरून खाऊ शकतात. प्रथम ती सबंध मुठीने पकडतात. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत लहान तुकडा उचलतात. म्हणून आरंभी फोड मोठ्या माणसाच्या बोटाएवढी लांब असावी, म्हणजे मुठीबाहेर तिचे टोक खाण्यास उरते.

वेगळा स्वयंपाक नको

मुलासाठी निराळे रांधावयास सवड नाही, ही मातांची अडचण खरी आहे. परंतु तशी आवश्यकताही नाही. वरणाच्या कुकरात रताळे, लाल भोपळा किंवा गाजर यांच्या फोडी ठेवल्यास त्या त्याच वेळी शिजतात. चुलीच्या निखाऱ्यांत भाजलेले रताळे सोलून लगेच देता येते. पिकलेले केळे, पपई किंवा बिया काढलेला चिकू यांस तर विस्तवही लागत नाही. पोळीची पट्टी अथवा भाकरीचा पापुद्रा वरणात मऊ भिजवून द्यावा. मुगाचे मऊ धिरडे, इडली, मऊ भाताचे लहान गोळे आणि पूर्ण उकडलेल्या अंड्याच्या फोडी हेही उत्तम. सहा महिन्यांनंतर बालकाच्या शरीरातील लोहाचा साठा अपुरा पडू लागतो; म्हणून अंडी, डाळी व पालेभाज्या यांकडे विशेष लक्ष द्यावे. धिरड्याच्या पिठात बारीक चिरलेली मेथी वा पालक सहज मिसळते. घरच्या भाजीत तिखटमीठ घालण्यापूर्वी मुलाचा वाटा काढून ठेवावा. साखरेची गरज नसते. एक वर्षापर्यंत मध मुळीच चाटवू नये. त्यातील जंतूंमुळे क्वचित गंभीर विषबाधा होते.

फोड योग्य आहे किंवा नाही याची कसोटी सोपी आहे. ती अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबावी; सहज चिरडली तर द्यावी, न चिरडल्यास पुन्हा शिजवावी.

धोका व त्यावरील उपाय

शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, सबंध द्राक्षे, बोरे, खोबऱ्याचे तुकडे, कच्चे गाजर व कडक गोळ्या बालकास देऊ नयेत. ते श्वासमार्गात अडकून मूल काही मिनिटांत दगावू शकते. शेंगदाण्याचे बारीक कूट मऊ अन्नात मिसळून देण्यास मात्र हरकत नाही. मूल नेहमी बसवूनच खाऊ घालावे. निजलेल्या, रांगणाऱ्या वा हसणाऱ्या मुलाच्या तोंडात घास देऊ नये. ते खात असताना जवळ मोठे माणूस असावे.

नवशिक्या मुलास उमासा येतो, ते खोकते. त्या वेळी त्याला खोकू द्यावे. परंतु आवाज बंद होऊन श्वास कोंडला, तर एक वर्षाखालील मुलास हातावर पालथे, डोके खाली करून धरावे व दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ ठोके द्यावेत. अडकलेले न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी ५ वेळा दाब द्यावा आणि हाच क्रम चालू ठेवावा. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. न दिसणारी वस्तू काढण्यासाठी तोंडात बोट घालू नये. ती आणखी आत सरकते.

शिक्षकांनी करावयाचे कार्य

१. आहार व आरोग्य यांचे पाठ शिकविताना ‘बोटांनी चिरडते ते द्यावे’ ही कसोटी मुलांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावी. रताळ्याची शिजलेली व कच्ची फोड एवढे साहित्य पुरे.

२. माता-पालक सभेत अंगणवाडी सेविकेच्या साहाय्याने घरच्या पदार्थांच्या फोडी मांडून दाखवाव्यात.

३. ठोके देण्याची रीत आरोग्यसेविकेकडून बाहुलीवर करून घ्यावी. भावंड गुदमरल्यास तत्काळ मोठ्याने हाक मारून माणसे बोलवावीत, हे मुलांच्या मनावर बिंबवावे.

४. खाण्यापूर्वी बालकाचे व भरविणाराचे हात साबणाने धुण्याची सवय शाळेतूनच घरी जावी.

मुलाने सांडलेले चार घास वाया गेले असे मानू नये. हाताला वळण लागण्याचे ते मोल आहे.