मत्स्यालयातील मानाचा मासा : निवडीविषयी काही विचार

समुद्रजलाच्या घरगुती मत्स्यालयात बहुधा एक मासा असा असतो की, दिवाणखान्यात आलेल्या पाहुण्याची दृष्टी प्रथम त्याच्यावरच स्थिरावते. इतर मासे परिवारातले, हा मानाचा. त्याची निवड सामान्यतः रंग पाहून केली जाते, आणि पुढील अपयशाचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते. दुकानात दिसणारा रंग माशाच्या आजच्या वयाचा असतो. तो पुढे केवढा होणार, काय खाणार आणि शेजाऱ्यांशी कसा वागणार, यांविषयी तो रंग फारच थोडे सांगतो.

'एम्परर एंजल' हा मासा याचे उत्तम उदाहरण होय. त्याचे शास्त्रीय नाव पोमाकँथस इम्पेरेटर. बर्लिनचे वैद्य व मत्स्यशास्त्रज्ञ मार्कुस ब्लॉख यांनी १७८७ साली या जातीचे वर्णन केले, ते प्रौढ माशाचे होते : निळ्या अंगावर पिवळ्या आडव्या रेषा आणि डोळ्यांवरून गेलेला काळा पट्टा. ब्लॉख यांच्या मृत्यूनंतर श्नायडर यांनी १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निकोबारच्या नावाने आणखी एक जाती नोंदविली गेली. तिच्या गडद निळ्या अंगावर एकात एक वसलेली पांढरी वर्तुळे होती. पुढे असे सिद्ध झाले की, ही दोन्ही नावे एकाच माशाची असून दुसरे त्याच्या पिलाला दिले गेले होते. मत्स्यशास्त्रातील जाणकारांची जेथे फसगत झाली, तेथे हौशी गृहस्थाला दोष देणे कठीण आहे.

दुकानात मिळते ते हे वर्तुळांकित पिलू. लांबी सहा-सात सेंटिमीटर. प्रौढ मासा ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. आता घरोघरी आढळणारी ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी घ्या. तिची धारणाशक्ती सुमारे १८२ लिटर; खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी त्याहून पुष्कळच कमी. ४५ सेंटिमीटर रुंदीच्या त्या जागेत ४० सेंटिमीटरच्या माशाला वळणेही दुरापास्त होईल. मोठा झाला की पाहू, असे विक्रेता सांगतो. पण मासा वाढतो तशी टाकी वाढत नाही.

प्रश्न केवळ वळण्यापुरता असता तर एक वेळ चालले असते. लांबी आठ सेंटिमीटरवरून चाळीसवर गेली, म्हणजे पाचपट झाली, तर शरीराचा आकार साधारण तसाच राहिल्यास वजन सुमारे १२५ पट होते. अन्नाची गरज तितक्याच पटीने वाढत नाही हे खरे. तरी ती कैक पटीने वाढते, आणि त्या प्रमाणात कल्ल्यांवाटे पाण्यात सोडला जाणारा अमोनियाही वाढतो. खडकावरील व वाळूतील जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही जीवाणूंची वस्ती स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि स्थिरावल्यावरही तिची शक्ती अमर्याद नसते. त्यात समुद्रजलात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. २५ अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, तर समुद्रजलात पावणेसातच्या आसपास. आणि उष्मा वाढला की हा आकडा आणखी खाली येतो. मुंबईच्या मे महिन्यात वीज गेली की मोठा मासाच प्रथम धापा टाकू लागतो, त्याचे कारण यात आहे.

तर मग लहान मासा निवडला की झाले, असेही नव्हे. मँडरिन मासा (सिंकिरोपस स्प्लेंडिडस) १९२७ साली फिलिपिन्समधून वर्णिला गेला. तो जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा, आणि निळ्या-नारिंगी नक्षीत त्याला तोड नाही. आकाराच्या कसोटीस तो सहज उतरतो. परंतु त्याचे इवलेसे तोंड दिवसभर खडकावरील कोपेपॉडसारखे सूक्ष्म कवचधारी जीव टिपण्यासाठी घडलेले आहे. लहान टाकीतला हा साठा काही आठवड्यांत संपतो. समुद्रातून धरलेला मँडरिन कोरड्या खाद्याकडे बहुधा वळूनही पाहत नाही, आणि मालकाला त्याची उपासमार उशिरा कळते, कारण रंग शेवटपर्यंत उजळ राहतो. पोट खपाटीस गेले आहे का, हे पाहण्याची सवय मात्र फार थोड्यांना असते. मुख्यत्वे स्पंजांवर जगणाऱ्या मूरिश आयडलची कथाही याहून वेगळी नाही.

स्वभावाविषयी कोन्राड लोरेन्झ यांचे निरीक्षण आजही उपयोगी पडते. आक्रमकतेवरील त्यांच्या १९६३ सालच्या ग्रंथाचा आरंभच प्रवाळभित्तीवरील माशांपासून होतो. भडक रंगाचे मासे स्वजातीयावर तुटून पडतात आणि परजातीयाकडे बहुशः दुर्लक्ष करतात, हे त्यांचे प्रतिपादन. पुढील अभ्यासात त्याला पुष्कळ अपवाद आढळले. तरीही एका टाकीत एकाच जातीचे दोन एंजल मासे ठेवू नयेत, एवढा व्यावहारिक निष्कर्ष त्यातून निश्चित निघतो. एम्परर एंजलच्या पिलाचा वेगळा वेष हा प्रौढांचा हल्ला टाळण्याचा उपाय असावा, असाही एक तर्क आहे.

माझ्या मते उपरोक्त १८२ लिटरच्या टाकीत मानाचे स्थान क्लाउनफिशच्या जोडीला द्यावे. २००३ सालच्या 'फाइंडिंग नीमो' या चित्रपटानंतर हा मासा इतका परिचित झाला की, रसिकांना तो सामान्य वाटतो. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला तसे वाटण्याचे कारण नाही. यातील सर्व पिले आरंभी नर होतात. समूहातील सर्वांत प्रबळ मासा मादी बनतो. म्हणून दोन लहान, आकाराने थोडे असमान मासे आणले की, जोडी बहुधा आपोआप जुळते, आणि लिंगपरिवर्तनाचा हा सारा क्रम घरबसल्या पाहावयास मिळतो. शिवाय ही जाती बंदिस्त पैदाशीतून मिळते. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे.

ही शेवटची बाब गौण मानू नये. फिलिपिन्समध्ये १९६० नंतरच्या दशकापासून शोभेचे मासे धरण्यासाठी सायनाइडचा फवारा वापरला जाऊ लागला. त्याने गुंगलेला मासा दुकानात निरोगी दिसतो आणि काही आठवड्यांनी उघड कारणाशिवाय मरतो. प्रवाळांची हानी होते ती वेगळीच. उबवणकेंद्रात वाढलेल्या माशाला हा धोका नाही, आणि तयार खाद्याची त्याला पहिल्यापासून सवय असते.

म्हणून विक्रेत्याला मासा कोठून आला हे विचारावे आणि तो आपल्यासमोर खातो हे पाहूनच पैसे मोजावेत. घरी आणल्यावर चार ते सहा आठवडे त्याला निराळ्या टाकीत ठेवावे. कारण पांढरे ठिपके उमटविणारा क्रिप्टोकॅरियन हा परजीवी मुख्य टाकीत एकदा शिरला की, प्रवाळांना अपाय न करता त्याचे निर्मूलन करणे फार कठीण जाते. मानाचा मासा मुख्य टाकीत सर्वांच्या शेवटी सोडावा. आधी आलेला मासा साऱ्या टाकीवर हक्क सांगतो, आणि मानाचा मासाच बहुधा बळाने अधिक असतो. सोडताना दिवा मालवलेला असावा आणि खडकांची मांडणी थोडी बदललेली असावी, म्हणजे जुन्या रहिवाशांनाही आपापल्या हद्दी नव्याने आखाव्या लागतात.