चार बाजूंचे शेत

इंदापूरच्या किंवा बारामतीच्या एखाद्या शाळेत आठवी-नववीच्या वर्गाला एक प्रश्न विचारून पाहा. एका शेताच्या चार बाजू ओळीने ३, ४, ५ आणि ६ साखळ्या आहेत, तर शेत किती गुंठे? आपल्याकडची मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर.

शेतकऱ्यांच्या मुलांना रीत ऐकून माहीत असते. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची : ३ आणि ५ ची ४, ४ आणि ६ ची ५. गुणाकार २०. शेत वीस गुंठे! भावाभावांत वाटणी करताना, खंडाने रान घेताना टेप लावून हाच हिशेब केला जातो.

गंमत अशी, की हे शेत वीस गुंठ्यांचे असूच शकत नाही. ते १३ गुंठ्यांचे असेल, १७ चे असेल, पण पुरते १९ चेसुद्धा असणार नाही.

मुलांना हे सांगून पटत नाही, आणि पटूही नये. आधी चार काड्या घ्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबच्या तुकड्यांनी जोडा. चौकट हातात धरून दाबली की ती तिरपी होते, बाजू त्याच राहतात आणि आतली जागा कमी होते. तीन काड्यांचा त्रिकोण असा हलत नाही. एवढे हाताला कळले की मगच संगणकाकडे वळावे. आम्ही हा क्रम मुद्दाम सांगतो आहोत, कारण प्रोजेक्टर आला की काड्या कपाटात जातात असा अनुभव आहे.

संगणकावर किंवा मोबाइलवर जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर घ्यावे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये त्याची सुरुवात केली. ते शाळांना मोफत वापरता येते आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. त्यात ३ एकक लांबीचा रेषाखंड ‘कख’ काढा. ‘क’ केंद्र धरून ६ त्रिज्येचे वर्तुळ काढा व त्यावर ‘घ’ हा सरकणारा बिंदू घ्या. आता ‘ख’ केंद्र धरून ४ त्रिज्येचे आणि ‘घ’ केंद्र धरून ५ त्रिज्येचे वर्तुळ काढा. ती दोन ठिकाणी छेदतील. ‘खघ’ या कर्णाच्या ज्या बाजूला ‘क’ आहे, तिच्या पलीकडचा छेदनबिंदू म्हणजे ‘ग’. चौकोन ‘कखगघ’ जोडा, त्याचे क्षेत्रफळ आणि ‘क’ जवळचा कोन पडद्यावर दाखवायला सांगा आणि ‘घ’ सरकवा.

सरकवण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहिलेला असावा. नाहीतर ही नुसती हलती चित्रे होतात.

कोन ४० अंश असताना क्षेत्रफळ १३.८६ येते, ६० अंशांना १७.१६. साधारण ८७ अंशांवर ते सर्वांत जास्त, म्हणजे १८.९७ होते आणि पुढे उतरू लागते. १७० अंशांना शेत जेमतेम ३.२ गुंठे उरते आणि १८० ला मिटून त्याची रेघ होते, कारण ३ + ६ आणि ४ + ५ दोन्ही ९ आहेत. बांध तेवढेच, टेपवरचे आकडे तेच!

आता खरा गणिताचा तास सुरू होतो. आकडा १९ च्या आत का अडतो? हे पडदा सांगत नाही, त्याला कागद लागतो. कोणत्याही त्रिकोणाचे क्षेत्रफळ त्याच्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून जास्त नसते, कारण उंची ही तिरप्या बाजूपेक्षा मोठी होऊ शकत नाही. ‘खघ’ कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण करा. एकाच्या बाजू ३ व ६, दुसऱ्याच्या ४ व ५. म्हणून क्षेत्रफळ जास्तीत जास्त (१८ + २०) ÷ २, म्हणजे १९. पुरते १९ व्हायला ‘क’ आणि ‘ग’ दोन्ही कोन काटकोन हवेत. पण मग पायथागोरसप्रमाणे कर्णाचा वर्ग एकीकडून ४५ आणि दुसरीकडून ४१ येतो! दुसऱ्या कर्णाने हीच मर्यादा (१२ + ३०) ÷ २, म्हणजे २१ येते. १९ आणि २१ यांची सरासरी २०. आपली बांधावरची रीत म्हणजे या दोन कमाल मर्यादांची सरासरी. त्यामुळे ती आयत सोडून प्रत्येक चौकोनाला जास्तच उत्तर देते, कमी कधीच नाही. जमीन विकणाऱ्याला ती का आवडावी हे वेगळे सांगायला नको.

सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने ही सरासरीची रीत ‘स्थूल’ म्हणून दिली आणि शेजारी वर्गमुळाचे ‘सूक्ष्म’ सूत्र दिले. बाजूंच्या निम्म्या बेरजेतून, म्हणजे ९ मधून, एकेक बाजू वजा करा : ६, ५, ४, ३. गुणाकार ३६०, वर्गमूळ १८.९७. पडद्यावरचा कमाल आकडा तोच. मात्र हे सूत्र चारही कोपरे एका वर्तुळावर असतील तेव्हाच खरे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) यावर कडक शेरा मारला आहे. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच्च, असा त्यांचा भाव. आमच्या पहिल्या प्रश्नाने आम्हीही त्यांत आलो.

हा धडा इंदापुरात शोभतो, त्याला कारण आहे. प्रिंगल यांच्या पाहणीवरची सारा-आकारणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये नवी पाहणी सुरू केली ती इंदापूर तालुक्यातच. मुंबई इलाख्याची जमीनमहसूल पद्धत त्यातून घडली. पुढे रूढ झालेल्या शंकू-साखळी मोजणीत नुसत्या बाजू मोजत नसत. शेतातून एक आधाररेषा टाकून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत काटकोनात लंब मोजत आणि त्रिकोण, समलंब चौकोन करून बेरीज घेत. भास्कराचार्य मागत होते ते हेच.

हल्ली मुले विचारतात, मोबाइलवर शेताभोवती फिरले की क्षेत्रफळ येते, मग हे कशाला? साध्या मोबाइलची जागा मोकळ्या रानातही काही मीटर चुकते. ३० मीटर बाजूचा चौरस ९०० चौरस मीटर, सुमारे ८.९ गुंठे. प्रत्येक बाजू ३ मीटर जास्त धरली गेली तर १०८९ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १०.८ गुंठे. हा हिशेब मुलांनाच करू द्यावा. मग शाळेच्या मैदानात दोरीची आधाररेषा टाकून वाकडातिकडा तुकडा लंबांनी मोजावा, कोपऱ्यांचे निर्देशक जिओजेब्रात भरावेत आणि वहीतले, पडद्यावरचे व मोबाइलवरचे अशी तीन उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. टेप ३० मीटरचा असावा. छोट्या टेपने वारंवार जोडून मोजताना चूक वाढत जाते.