गुलाबी बोंडअळीचा पतंग

आपल्या गावात पुष्कळ जणांच्या वावरात कपाशी असते. म्हणून मी कपाशीच्या एका शत्रूची माहिती लिहीत आहे. त्याचे नाव गुलाबी बोंडअळी.

ही अळी म्हणजे एका बारक्या पतंगाचे पिल्लू. पतंग राखी-तपकिरी, जेमतेम ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा लांब. तो दिवसा लपतो, रात्री उडतो. गुरुजींनी सांगितले की त्याच्या घराण्याला पेक्टिनोफोरा म्हणतात. त्यात तीन जाती आहेत. आपल्याकडे जी आहे तिला गॉसिपिएल्ला म्हणतात. भडोचच्या कपाशीवर सापडलेल्या या पतंगाला १८४४ साली शास्त्रीय नाव मिळाले. बाकीच्या दोन जाती ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांतली एक तिथल्या जास्वंदीसारख्या रानझुडपांवर राहते. कपाशी, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद हे सगळे एकाच कुळातले!

मादी पात्यांवर, फुलांवर, बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते. ती आधी पांढरी असते, मोठी झाली की गुलाबी होते. ती फुलात शिरली तर पाकळ्या चिकटतात आणि फूल गुलाबाच्या कळीसारखे दिसते. त्याला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर मागचे भोक बुजून जाते. बाहेरून बोंड चांगले दिसते, पण आत ती सरकी खाते. कापूस पिवळा पडतो, मग भाव मिळत नाही.

बीटी कपाशी आपल्या देशात २००२ साली आली. पण पुढे ही अळी तिलाही जुमानेना. २०१७ साली महाराष्ट्रात फार नुकसान झाले. बाबा सांगतात, त्या साली आमच्या वावरातली पुष्कळ बोंडं किडकी निघाली. वेचणीची मजुरीसुद्धा निघाली नाही.

यावर उपाय आहेत :

१) डोमकळ्या तोडून नष्ट कराव्या. हे काम आपण मुलेही करू शकतो.

२) एकरी दोन कामगंध सापळे लावावे. मादीसारख्या वासाने नर आत येतात. रोज सकाळी ते मोजावे. एका सापळ्यात रोज आठ नर असे सलग तीन दिवस आले, तर फवारणीची वेळ झाली असे समजावे.

३) फरदड घेऊ नये. डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवू नये, बांधावर रचूनही ठेवू नये. अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांत कित्येक महिने झोपून राहते.

पतंगाला बांध कळत नाही. एकाने पऱ्हाटी काढली आणि शेजाऱ्याने ठेवली, तर उपयोग नाही. म्हणून सर्व पालकांना माझी विनंती आहे की हे काम साऱ्या गावाने मिळून करावे.

— इयत्ता ४ थी