नव्या लोडरला हवा पासंग

उन्हाळ्याच्या सुट्टीत बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावाच्या शिवारात चक्कर मारून या. नांगरट होऊन तापत पडलेली राने दिसतील. बांधाच्या कडेला शेणखताचे ढीग असतील आणि कुठे कुठे तलावातून आणून टाकलेला काळाभोर गाळ असेल. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी हे सारे रानभर पसरायचे असते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली, आष्टी-पाटोद्याकडची बरीचशी जमीन हलकी आणि मुरमाड आहे. ती पाणी फार काळ धरून ठेवत नाही. जिल्ह्यातला पाऊस वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. अशा जमिनीवर गाळाचा थर चढला, तर ओल चार दिवस जास्त टिकते. गाळाचे मोल शेतकऱ्याला वाटते ते यासाठी.

घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा. त्या वर्षी मराठवाड्यात असंख्य माणसे दुष्काळी कामांवर गेली. खडी फोडली, बांध घातले, पाझर तलाव खोदले. हत्यारे तीनच : टिकाव, खोरे आणि घमेले. पुढच्या काळात अनेक तलाव गाळाने भरत गेले. तो गाळ काढून शेतात नेण्यासाठी राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली. आता हे काम घमेल्याने होत नाही. तलावात मोठी खोदयंत्रे गाळ उपसून ट्रॉलीत भरतात. शेतात पडलेला ढीग उचलायला आणि पसरायला मात्र घरच्याच ट्रॅक्टरला पुढे बसवलेला लोडर कामी येतो.

लोडर म्हणजे काय? ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले दोन लोखंडी बाहू आणि त्यांच्या टोकाला एक मोठी बकेट. एका घमेल्यात १६ किलो ओली माती बसते असे धरले, तर लोडरची ८०० किलोची एक बकेट म्हणजे ५० घमेली! एक लिव्हर ओढली की झाले.

आता समजा, तुमच्या काकांच्या ट्रॅक्टरला जुना लोडर आहे. तो काढून त्यांनी अधिक ताकदीचा नवा लोडर बसवायचे ठरवले. ट्रॅक्टर तोच, लोडर नवा. यात काय फायदा होईल? आणि कोणता नवा धोका घरात येईल? आपण जरा हिशेब मांडून पाहू.

तेलाची ताकद

लोडरचे बाहू उचलतात ते दोन जॅक. जॅक म्हणजे एक नळकांडे आणि त्यात सरकणारा दट्ट्या. ट्रॅक्टरचा पंप या नळकांड्यात जोराने तेल ढकलतो. १७ व्या शतकातला फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम तुम्ही शिकला आहात : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. याच नियमावर जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये दाबयंत्राचे पेटंट घेतले. लोडरचा जॅक हा त्याच दाबयंत्राचा वंशज.

तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो आहे असे धरू. जुन्या जॅकचा आतला व्यास ५ सें.मी. असेल, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौ. सें.मी. भरते. म्हणजे एका जॅकचा रेटा सुमारे २,९४५ किलो आणि दोन जॅकचा ५,८९० किलो. नव्या जॅकचा व्यास ६.५ सें.मी. आहे. क्षेत्रफळ झाले ३३.२ चौ. सें.मी. आणि दोन जॅकचा मिळून रेटा जवळजवळ ९,९५० किलो. पाहा गंमत, व्यास फक्त दीड सेंटिमीटरने वाढला, पण रेटा सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढला! कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

अर्थात ही ताकद फुकट मिळत नाही. जाड जॅक भरायला तेलही सत्तर टक्के जास्त लागते. पंप जुनाच असेल, तर नवा लोडर तेवढाच सावकाश वर जाईल.

मग दहा टनांच्या आसपास रेटा असूनही लोडर दहा टन का उचलत नाही? कारण येथे तरफ आहे. बाहू जेथे ट्रॅक्टरला बिजागरीने जोडलेला असतो, तो टेकू. जॅकचा रेटा टेकूपासून जेमतेम २५ सें.मी. अंतरावर लागतो आणि बकेट असते अडीच मीटरवर. बलभुजा भारभुजेच्या दहावा हिस्सा, म्हणून उचलता येणारा भारही रेट्याच्या दहावा हिस्सा. तुमचा हातही असाच आहे. दंडाचा स्नायू कोपराच्या अगदी जवळ ओढतो, म्हणून हातातली कळशी जड लागते. बल जास्त लावावे लागते, पण त्या बदल्यात थोड्याशा हालचालीत भार खूप उंच जातो.

म्हणजे जुना लोडर ५८९ किलो आणि नवा ९९५ किलो उचलू शकेल. त्यातून बाहू आणि बकेट यांचे स्वतःचे वजन पेलण्यापुरता वाटा वजा करा. जुन्याचे उरतात सव्वाचारशेच्या आसपास, नव्याचे आठशेपेक्षा थोडे अधिक.

बकेट तीच, वजन वेगळे

आता एक प्रश्न. काकांची बकेट अर्धा घनमीटरची आहे. ती भरली म्हणजे वजन किती?

याचे उत्तर ‘कशाने भरली’ यावर अवलंबून आहे. कुजून वाळलेले शेणखत भुसभुशीत असते. त्याचा एक घनमीटर ६०० किलोचा धरला, तर बकेट ३०० किलोची होईल. तलावाच्या ओल्या गाळाचा घनमीटर १,६०० किलोचा धरला, तर तीच बकेट ८०० किलोची. डोळ्यांना दोन्ही सारख्याच भरलेल्या दिसतात. डोळे आकारमान मोजतात, ट्रॅक्टरला कळते ते वजन.

जुन्या लोडरने ओल्या गाळाची पूर्ण भरलेली बकेट उचलायचा प्रयत्न केला की काय होई? प्रेशर कुकरची शिट्टी जशी जास्तीची वाफ सोडून देते, तशी तेलाच्या मार्गातली एक झडप उघडे. तेल परत टाकीत जाई, पंप कण्हू लागे आणि बकेट जागची हलत नसे. काका वैतागत, अर्धा गाळ खाली टाकत आणि मग उचलत. त्यांना वाटे, लोडर अशक्त आहे. खरे तर तो अशक्तपणाच ट्रॅक्टरचा राखणदार होता! नवा लोडर ८०० किलो बिनतक्रार उचलतो. राखणदार गेला. आता मर्यादा आहे ती ट्रॅक्टरच्या तोलाची आणि तिला शिट्टी नाही.

ट्रॅक्टर नावाचा तराजू

ट्रॅक्टर मुळात ओढण्यासाठी घडवलेला आहे. नांगर मागे, जोर मागच्या मोठ्या चाकांवर. हिशेबासाठी २,००० किलोचा, फक्त मागच्या चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर घेऊ. त्यातले १,२०० किलो मागच्या चाकांवर आणि ८०० किलो पुढच्या चाकांवर. दोन्ही आसांतले अंतर २ मीटर. लोडरचे स्वतःचे वजन ४०० किलो, ते पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे. बकेटमधला भार पुढच्या आसाच्या दीड मीटर पुढे.

पुढचा आस हा टेकू धरा. ८०० किलो × १.५ मीटर = १,२००. लोडरचे ४०० × ०.५ = २००. एकूण १,४००. हे मागच्या आसाच्या २ मीटर अंतराने भागले की ७०० येतात. म्हणजे मागच्या चाकांवरचे ७०० किलो वजन उचलले गेले! तेथे उरले फक्त ५०० किलो. एकूण वजन आता ३,२०० किलो, म्हणून पुढच्या चाकांवर आले २,७०० किलो. पूर्वी होते ८००. सुकाणू फिरवण्यासाठी बनवलेल्या त्या लहान चाकांवर आणि आसावर तिपटीहून अधिक भार पडला.

मागे वजन उरले नाही, तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. या ट्रॅक्टरला ओढणारी चाके मागची आणि ब्रेक लागतात तेही मागच्याच चाकांना. मागची चाके जमिनीला घट्ट टेकलेली नसतील, तर चढावर ती नुसती फिरतील आणि उतारावर ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत राहील.

हवा पासंग

तुमच्या आजोबांच्या वेळी वाण्याच्या तराजूचे एक पारडे हलके असले, की त्यात खडा टाकून तोल साधत. त्या खड्याला पासंग म्हणत. लोडरलाही असाच पासंग लागतो. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन-बिंदू जोडणीवर काँक्रीटचा ठोकळा किंवा दगड-वाळूने भरलेली पेटी टांगायची.

समजा, ५०० किलोचा पासंग मागच्या आसाच्या १ मीटर मागे टांगला. पुढच्या आसापासून त्याचे अंतर ३ मीटर. ५०० × ३ ÷ २ = ७५०. मागच्या चाकांवरचे वजन ५०० वरून १,२५० किलो झाले. आणि पुढच्या चाकांवर? एकूण ३,७०० मधून १,२५० वजा केले की २,४५० किलो राहतात. म्हणजे ट्रॅक्टरवर ५०० किलो वाढवले आणि पुढची चाके मात्र २५० किलोंनी हलकी झाली! हा चमत्कार नाही, तरफेचा साधा नियम आहे. तरीही २,४५० किलो हे वजन थोडे नव्हे. आपल्या ट्रॅक्टरचा पुढचा आस आणि टायर किती भार सोसतात, हे ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय नवा लोडर घेऊ नये.

न दिसणारा त्रिकोण

सर्वांत मोठा धोका बाजूला उलटण्याचा. ट्रॅक्टरला चार चाके असली, तरी तो उभा असतो तीन पायांच्या तिवईसारखा. खाचखळग्यांतही चारही चाके टेकावीत म्हणून पुढचा आस मधोमध एका खिळीवर डोलता ठेवलेला असतो. त्यामुळे ट्रॅक्टरचे खरे टेकू तीन : मागची दोन चाके आणि पुढची ती खिळ. गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा या त्रिकोणाच्या आत आहे तोवर ट्रॅक्टर उभा राहील. पुढच्या आसाच्या डोलण्याला मर्यादा असते, पण ती येईपर्यंत ट्रॅक्टर झुकू लागलेला असतो.

रिकाम्या ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून ८० सें.मी. पुढे आहे. मागच्या चाकांत दीड मीटर अंतर धरले, तर तेथे त्रिकोणाची कड दोन्ही बाजूंना ४५ सें.मी.वर येते. लोडरसकट ८०० किलो गाळ घेतल्यावर गुरुत्वमध्य १.७ मीटर पुढे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे जातो. तेथे कड उरते अवघी १२ सें.मी.! पासंग टांगला की ती पुन्हा २५ सें.मी. होते. आणि बकेट उंच धरली तर? गुरुत्वमध्य वर चढतो. मग एक चाक बांधावर चढले किंवा खड्ड्यात गेले, तरी उभी रेषा त्रिकोणाबाहेर पडायला पुरेसे होते. म्हणून भरलेली बकेट गुडघ्याच्या उंचीवर ठेवून, सावकाश न्यायची. ती वर उचलायची ती फक्त रिकामी करण्याच्या जागी, सपाट जमिनीवर. उचललेल्या बकेटखाली कोणी उभे राहायचे नाही, कारण तिला वर धरते ते रबरी नळीतले तेल, आणि नळी फुटू शकते. बकेटमध्ये बसून फेरफटका तर कधीच नाही.

नव्या लोडरचा एक गुण मात्र खरोखर सुरक्षिततेचा आहे. जुन्या साध्या लोडरमध्ये बाहू वर जाऊ लागला, की बकेट मागे कलंडते आणि माल चालकाच्या अंगावर येऊ शकतो. अनेक नव्या लोडरमध्ये बाहूला समांतर असा एक दांडा असतो. भूमितीतला समांतरभुज चौकोन आठवा. त्याच्या समोरासमोरच्या बाजू कितीही हलवल्या तरी समांतरच राहतात. म्हणून बाहू वर गेला तरी बकेट सपाट राहते.

करून पाहा

तीस सेंटिमीटरची पट्टी टेबलावर अशी ठेवा, की तिचा १० सें.मी. भाग कडेबाहेर येईल. टेबलाची कड म्हणजे पुढचा आस. बाहेरच्या टोकावर एकेक रुपयाचे नाणे ठेवत जा. कितव्या नाण्याला पट्टी उलटते, ते लिहून ठेवा. आता आतल्या टोकावर दोन नाणी ठेवून पुन्हा मोजा. ती दोन नाणी म्हणजे तुमचा पासंग.

शेवटी एक उदाहरण. काकांनी ५०० ऐवजी ३०० किलोचाच पासंग त्याच जागी टांगला. बकेटमध्ये ८०० किलो गाळ आहे. मागच्या आणि पुढच्या चाकांवर किती वजन येईल? (उत्तर : मागे ९५० किलो, पुढे २,५५० किलो.) हिशेब जमला, की वही घेऊन काकांकडे जा आणि पासंग टांगलेला आहे का ते पाहून या.