परत करावयाची शिष्यवृत्ती

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी आपटा सोडून जिते स्थानकात थांबते. स्थानक लहान, गावही लहान. हमरापूर आणि जिते हा परिसर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी दूरवर ओळखला जातो. परंतु सकाळच्या गाडीतील तरुणांकडे पाहिले, तर ह्या पट्ट्याची दुसरी ओळखही ध्यानी येते. उत्तरेस रसायनी-पाताळगंगेचा औद्योगिक पट्टा, दक्षिणेस डोलवीचा पोलाद कारखाना, पुढे नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि रोह्याजवळ धाटावची वसाहत. पेण आणि रोहे तालुक्यांतील कितीतरी घरांत आज एखादा पदविकाधारक किंवा पदवीधर अभियंता आहे, आणि बहुतेक घरांत तो पहिलाच आहे.

काही काळापूर्वी ह्याच गाडीत एका तरुणाची गाठ पडली. यंत्र अभियांत्रिकीची पदवी, कारखान्यात पाच वर्षांचा अनुभव. धातुशास्त्राचे पुढील शिक्षण परदेशात घ्यावे, असे त्याच्या मनात होते. त्याने मला विचारले, “फादर, बाबा म्हणतात रस्त्याकडची दहा गुंठे काढू. काढावी का?” मी त्याला त्या वेळी जे उत्तर दिले ते अगदीच सर्वसाधारण होते: विचार करा, घाई करू नका, प्रार्थना करा. गाडीतून उतरल्यावर मला त्याची लाज वाटली. शेत विकण्यापूर्वी माणसाने कोणती दारे ठोठवावीत, हे सांगणे माझे काम होते आणि मला ते नीटसे ठाऊक नव्हते. त्यानंतर जे वाचले, जाणकारांना विचारले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

मुंबईच्या फोर्ट भागात महात्मा गांधी मार्गावर मुल्ला हाउस नावाची इमारत आहे. तेथे ‘जे. एन. टाटा एन्डाउमेंट’ ह्या विश्वस्त निधीचे कार्यालय आहे. जमशेटजी नसरवानजी टाटा ह्यांनी हा निधी १८९२ मध्ये स्थापन केला, म्हणजे २०१७ मध्ये त्यास सव्वाशे वर्षे पूर्ण झाली. टाटांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्व दानसंस्थांमध्ये ही सर्वांत जुनी. जमशेदपूरचा पोलाद कारखाना तेव्हा अस्तित्वात नव्हता, बंगळूरची विज्ञान संस्था १९०९ साली सुरू झाली, ताजमहाल हॉटेल १९०३ साली. सर्वांच्या आधी आला तो मुलांना शिकण्यासाठी परदेशी पाठविणारा निधी. ह्या क्रमात त्या गृहस्थाची दूरदृष्टी दिसते. कारखाने चालवायला माणसे लागतील आणि ती माणसे घडायला वीस वर्षे लागतील, हे त्यांनी ओळखले होते.

आरंभी हा निधी पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. अल्पावधीतच तो सर्व भारतीयांस खुला झाला. सुरुवातीच्या लाभार्थींत डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर ह्या दोन स्त्रिया होत्या. ज्या काळी मुलीला मराठी शाळेत पाठवितानाही घरात वाद होत, त्या काळी दोन स्त्रियांना वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी समुद्रापलीकडे पाठविण्यात आले. कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापुरात वैद्यकीय सेवा केली. सनदी सेवेकडे जाणाऱ्यांनाही साहाय्य मिळे. १९२४ पर्यंत त्या सेवेतील दर पाच भारतीयांमागे दोन जण टाटांचे शिष्यवृत्तीधारक होते, असे टाटा समूहाचा इतिहास सांगतो. पुढे विज्ञान आणि अभियांत्रिकीकडे ओघ वळला. अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे ह्याच निधीचे विद्यार्थी. आजवरच्या लाभार्थींची संख्या पाच हजारांहून अधिक आहे.

ह्या सर्वांत आमच्या गाडीतल्या तरुणाला जवळचे वाटेल असे नाव डॉ. जमशेद इराणी ह्यांचे. त्यांचा जन्म १९३६ साली नागपूरचा. नागपूर विद्यापीठातून १९५८ मध्ये ते भूशास्त्रात एम.एस्सी. झाले. टाटा शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठात गेले, १९६० मध्ये धातुशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि १९६३ मध्ये डॉक्टरेट मिळविली. काही वर्षे तेथील पोलाद संशोधन संस्थेत काम करून १९६८ मध्ये ते जमशेदपूरला परतले. १९९२ मध्ये ते टाटा स्टीलचे व्यवस्थापकीय संचालक झाले. देशाच्या बाजारपेठेची दारे उघडल्यानंतर जुना कारखाना टिकेल की बुडेल, अशा काळात त्याचे आधुनिकीकरण त्यांच्या नेतृत्वाखाली झाले. २००७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०२२ मध्ये ते निवर्तले. भूशास्त्राचा विद्यार्थी धातुशास्त्राकडे वळला, ही गोष्ट लक्षात घ्यावी. पहिली पदवी ही आयुष्यभराची शिक्षा नव्हे. डोलवीच्या भट्टीवर पाळी करणाऱ्या मुलाने आपण आता ह्याच पाळीचे, असे मानण्याचे कारण नाही.

आता ह्या निधीची रीत पाहू. शिष्यवृत्ती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फुकट मिळणारी रक्कम येते. येथे तसे नाही. टाटांचा निधी देतो ती ‘कर्जाऊ शिष्यवृत्ती’. शिक्षण पूर्ण झाल्यावर, कमावते झाल्यावर, ठरलेल्या वर्षांत ती हप्त्यांनी परत करावयाची असते. व्याज नाममात्र असते, बँकेच्या व्याजाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. शिक्षणात चांगली कामगिरी करणाऱ्यास पुढे काही अनुदान मिळू शकते, ते मात्र परत करावे लागत नाही. एकाने परत केलेली रक्कम दुसऱ्याच्या हाती जाते. मूळ निधी शाबूत राहतो आणि सव्वाशे वर्षे चालतो. जमशेटजींच्या मनात आणखी एक हेतू असावा असे मला वाटते. कर्ज घेणारा मान ताठ ठेवून घेतो. दान घेणाऱ्याच्या मानेवर, देणाऱ्याची इच्छा नसली तरी, एक ओझे राहतेच. वसईकर वाचकांना हे निराळे सांगावयास नको. मोन्सिनियर पी. जे. मोनीस ह्यांनी १९१८ मध्ये कॅथलिक बँकेचा पाया घातला, तेव्हा त्यांनीही आपल्या शेतकऱ्यांना पतपुरवठ्याचीच वाट दाखविली.

जमशेटजींची दानाविषयीची भूमिका मात्र एका धर्मगुरूला सहजी पचणारी नाही, हे प्रांजळपणे सांगावे लागेल. उघड्याला वस्त्र आणि भुकेल्याला अन्न देणारे दान चांगलेच, पण ते ठिगळ लावण्यासारखे आहे. समाज पुढे जातो तो त्यातील गुणवंतांना वर उचलल्याने, अशा आशयाचे त्यांचे मत होते. आपल्या धर्मग्रामांतील संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था १८३३ पासूनच्या परंपरेने नेमके तेच ‘ठिगळ’ लावीत आहे, आणि ते लावले नाही तर कित्येक घरांत चूल पेटणार नाही. तरीही मत्तयकृत शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय उघडला की मी थबकतो. परदेशी जाताना धन्याने दासांच्या हवाली केलेल्या द्रव्याचा दाखला आणि भुकेल्याला अन्न देणाऱ्यांचा न्याय, हे दोन्ही एकाच अध्यायात, एकामागोमाग एक आहेत. आपण दुसऱ्यावर पुष्कळ प्रवचने करतो. पहिल्यावर करतो ती बहुधा ‘आपापले गुण वापरा’ एवढ्यावर थांबतात. दुसऱ्याच्या गुणांसाठी आपण भांडवल पुरवावे, हा विचार धर्मग्रामाच्या अंदाजपत्रकात क्वचितच येतो.

एक गोष्ट रायगडच्या वाचकांसाठी. टाटांच्या अभियांत्रिकीचा ठसा आपल्या जिल्ह्यावर ठळक आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे, भिऱ्याचे १९२७ चे. भिऱ्यातून सुटलेले पाणी कुंडलिकेतून कोलाड-रोह्याकडे वाहते. परंतु ते पाणी येते मुळशीच्या धरणातून, आणि त्या धरणाखाली ज्यांची शेते गेली त्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. दान देणाऱ्या घराण्याच्या कामाची किंमत कोणीतरी मोजली, हे विसरून गौरव करू नये. अभियंत्याच्या शिक्षणात धातूबरोबर माणसाचाही विषय असावा, हे मुळशीच्या मावळ्यांनी शिकविले आहे.

शिष्यवृत्तीच्या अटी किती बोचऱ्या होऊ शकतात, ह्याचे उदाहरणही आपल्या परिसराशी निगडित आहे. माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले तंत्रशास्त्र विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. अट अशी की परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले, आणि बडोद्यात जातीमुळे राहावयास जागाही मिळेना. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राने दिलेले कर्ज ह्यांच्या बळावर. तेव्हा साहाय्य किती, ह्याच्या आधी ते कोणत्या अटीवर आणि किती काळ, हे विचारावे. टाटांच्या निधीत सेवेचे बंधन नाही, परतफेडीचे आहे.

गरीब घरातील मुलांना अशी दारे बंदच असतात, असे मानणाऱ्यांनी के. आर. नारायणन ह्यांचे स्मरण करावे. केरळातील दलित कुटुंबातला हा मुलगा रोज कित्येक मैल चालून शाळेला जाई. त्याच्या शिक्षणाचा काही भाग ख्रिस्तसभेच्या शाळांत झाला. १९४५ मध्ये टाटा शिष्यवृत्तीवर तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेला आणि १९९७ मध्ये देशाचा राष्ट्रपती झाला.

आता व्यवहाराचे बोलू. टाटांच्या निधीकडे भारतीय नागरिक असलेले पदवीधर अर्ज करू शकतात. पदव्युत्तर शिक्षण, डॉक्टरेट, त्यापुढील संशोधन, तसेच नोकरीत असताना घ्यावयाचे प्रगत शिक्षण ह्यांसाठी तो विचार करतो. पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तीस अर्ज करता येतो, ही गोष्ट नोकरीतील अभियंत्यांनी ध्यानात ठेवावी. पस्तिशीला ‘आता काय शिकायचे’ म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. अर्ज सर्वसाधारणपणे वर्षाच्या आरंभी मागविले जातात. गुणांची अट असते, चाचणी असते आणि त्या त्या विषयाचे तज्ज्ञ मुलाखत घेतात. मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा ‘हेच का शिकायचे आहे’ ह्या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे ठरते, असे अनुभवी लोक सांगतात. कारखान्यात पाच वर्षे काढलेल्या मुलाजवळ ह्या प्रश्नाचे उत्तर नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलापेक्षा अधिक सच्चे असते. मात्र ह्या निधीतून सगळा खर्च भागत नाही. तो एक टेकू आहे, उरलेला भार अन्य मार्गांनी उचलावा लागतो.

ते मार्गही आहेत. मुंबईचा के. सी. महिंद्र एज्युकेशन ट्रस्ट १९५३ चा. परदेशातील पदव्युत्तर शिक्षणासाठी तो १९५६ पासून बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, आणि अल्प उत्पन्न गटातील तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसाठीही त्याची वेगळी योजना आहे. पदविका घेऊ इच्छिणाऱ्या दहावी-बारावीच्या मुलांनी तिची चौकशी जरूर करावी. पुण्याचे सकाळ इंडिया फाउंडेशनही परदेशी शिक्षणासाठी बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती आहेत. बँकेचे शैक्षणिक कर्ज आहेच. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास सर्वसाधारणपणे तारण मागितले जात नाही, त्यापुढे मात्र मागितले जाते, आणि तेथे पुन्हा जमिनीचा सातबारा टेबलावर येतो. ह्यासाठी मी म्हणतो, आधी विश्वस्त निधींकडे जावे, मग तारण न लागणाऱ्या कर्जाकडे, आणि जमीन सर्वांत शेवटी. तीही विकण्याऐवजी तारण ठेवता आली तर पाहावे. महामार्गालगतची गेलेली जमीन कोणत्याही पगारातून परत येत नाही.

परदेशीच जावे, असाही आग्रह नको. पदविकाधारकास थेट दुसऱ्या वर्षात पदवीला प्रवेश मिळतो. मुंबईत कुर्ल्याचे डॉन बॉस्को, वांद्र्याचे आणि वाशीचे फादर आग्नेल संस्थांचे महाविद्यालय ही आपल्याच धर्मसंघांनी उभारलेली अभियांत्रिकी विद्यालये आहेत. जितेहून वाशी काही फार दूर नाही.

त्या तरुणाला हे सर्व मी पत्राने कळविले आहे. अर्जासोबत पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, कारखान्याचा अनुभवाचा दाखला आणि शिफारसपत्रे लागतील, हेही लिहिले. अनुभवाचा दाखला मिळविण्यास वेळ लागतो. साहेब रजेवर असतात, शिक्का मुख्य कार्यालयात असतो. म्हणून दिवाळीपूर्वीच ते काम सुरू करावे, असे सुचविले आहे. अर्ज कसा लिहावा ह्याविषयी ज्या कोणास मदत हवी असेल, त्यांनी आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरूंना भेटावे. त्यांना माहिती नसेल तर त्यांनीही, माझ्याप्रमाणेच, ती करून घ्यावी.