रस्त्याचा पहिला हक्कदार

चोर्ला घाट चढून बेळगावास जाणाऱ्या गोमंतकीयांस जांबोटी हे गाव अपरिचित नाही. खानापूर तालुक्यातील हे गाव येईतो घाटातील अवघड वळणे मागे पडलेली असतात आणि चालकास वेगाचा मोह होतो. याच रस्त्याने आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील माणसे सायकलीने जातात, हे त्याच्या ध्यानी राहत नाही. ध्यानी येते तेव्हा तो हॉर्न वाजवतो; आणि सायकलस्वाराने मुकाट्याने मातीत उतरावे, अशी त्याची अपेक्षा असते.

ही अपेक्षा आम्हांस अन्यायाची वाटते. मोटार चालविण्यास परवाना लागतो, सायकलीस लागत नाही. याचा अर्थ उघड आहे. ज्याच्या हातून दुसऱ्याचा जीव जाण्याचा धोका मोठा, त्यालाच समाज अटी घालून रस्ता वापरू देतो. सायकलस्वारास तशी अनुमती मागावी लागत नाही. तेव्हा उपरा कोण, याचा विचार मोटारवाल्यांनीच करावा!

परंतु आपल्याकडे रीत उलटी. एकेकाळी नगरपालिका सायकलीवर कर घेत, बिल्ला देत. रात्री दिवा नसला की पोलीस अडवीत. दिवा हवाच, डावी बाजूही सोडू नये, हे आम्हांस मान्य आहे. पण मागून भरधाव येणाऱ्या गाडीपुढे सायकलीचा दिवा कितीसा पुरणार? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत सायकलस्वार सुमारे ४,८०० होते.

कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींस मोफत सायकली देण्याची योजना बरीच वर्षे राबविली. शाळा लांब म्हणून शिक्षण सुटू नये, हा हेतू स्तुत्यच होता. मात्र सायकल देणे सोपे, ती निर्धास्तपणे चालविता येईल अशी रस्त्याची कड देणे अवघड. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने यंत्राविना चालणाऱ्या वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांस मिळाला. तो कागदावर राहू नये. गावांलगत भक्कम साइडपट्टी, शाळेपाशी वेगमर्यादा आणि पावसाळी धुक्यात उजळणाऱ्या खुणा, एवढे तरी व्हावे.

सरकारे करतील तेव्हा करोत. पाच किलोमीटरचे अंतर ताशी ६० ऐवजी ४० च्या वेगाने कापल्यास अडीच मिनिटे अधिक लागतात. बेळगावच्या बाजारास निघालेल्या गोमंतकीयाने जांबोटीच्या परिसरात तेवढी अडीच मिनिटे खर्चावीत आणि सायकलीपासून दोन हात अंतर राखून पुढे जावे. परमुलखातून जाताना तेथील लेकरांच्या जिवाची काळजी वाहणे, हा साधा पाहुणाचार आहे.