ओवी टिपावी कशी?

दिवाळीत फराळाबरोबर घरात एखादा वादही हटकून शिजतो. आमच्या अंबाजोगाईच्या घरी गेल्या वर्षी तो एका यंत्रावरून झाला. आत्याची धाकटी जाऊ, आम्ही सारे तिला काकू म्हणतो, तिच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. जवळ एक छोटा रेकॉर्डर होता आणि खर्चायला पैसे मोजकेच. चिरंजीव म्हणाले, “बाबा, वेगळा मिक्सर घ्या.” (स्वयंपाकघरातला नव्हे, हा खुलासा सौभाग्यवतींपाशी आधी करावा लागला!) मी म्हणालो, रेकॉर्डरच्या पोटात जे आहे त्यावरच भागवू.

मराठीच्या प्राध्यापकाकडून यंत्रशास्त्र ऐकण्याची शिक्षा वाचकांनी क्षणभर सोसावी. गाणाराच्या आवाजाने साध्या मायक्रोफोनमध्ये जी वीज उमटते ती जेमतेम एखादा मिलिव्होल्ट. पुढच्या यंत्राला हवा असतो साधारण एक व्होल्ट. म्हणजे ती हजारपट वाढवायची. हे काम करणारा भाग तो प्रीअँप. (मी त्याला ‘पूर्ववर्धक’ म्हणून पाहिले, आमच्या लाउडस्पीकरवाल्याला ते एखाद्या चूर्णाचे नाव वाटले.) हा भाग हलका असला की स्वतःची खरखर मिसळतो, आणि पहिल्याच पायरीवर शिरलेली खरखर पुढे आवाजाबरोबरच वाढत जाते. स्वस्त रेकॉर्डरला हे दुखणे पुष्कळदा असते. चांगल्या मिक्सरचा प्रीअँप त्या मानाने शांत. तेव्हा चिरंजीवांचे म्हणणे पोकळ नव्हते.

पण मी एकदा पोळलो होतो. काही वर्षांपूर्वी केज तालुक्यात आत्याकडे मी असाच एक मिक्सर मागून घेऊन गेलो होतो. ओसरीत तारांचे जाळे पसरले, भिंतीतल्या विजेवर यंत्र लावले आणि मिक्सरची तार रेकॉर्डरच्या मायक्रोफोनच्या भोकात खुपसली. ती ‘लाइन’च्या भोकात जायला हवी होती! मायक्रोफोनच्या वाटेने गेले की रेकॉर्डरचा प्रीअँप टळत नाहीच. आधीच फुगलेला आवाज तो आणखी फुगवतो. आत्या दीड तास गायली. घरी येऊन ऐकतो तो आवाज जागोजाग फाटलेला आणि खाली विजेची अखंड घूंऽऽ. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता संक्रांत आली. तोवर आत्या राहिली नव्हती.

असल्या कामाची थोरवी आमच्या जिल्ह्याला नवी नाही. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यात लाखावर ओव्या आहेत. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या गाणाऱ्या बायांचे शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण केले. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या त्यातच आहेत, आणि आज त्या कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. मी मात्र एका आत्याला नीट टिपू शकलो नव्हतो.

म्हणून या वेळी आधी परीक्षा घेतली. लाउडस्पीकरवाल्याकडून मिक्सर आणला, तो या खेपेस ‘लाइन’च्याच वाटेने जोडला, आणि तोच मायक्रोफोन दोन्ही रीतींनी लावून पाहिला. चार वितींवरून सौभाग्यवती बोलल्या तेव्हा रेकॉर्डरची खरखर स्पष्ट कळली, मिक्सर जिंकला. मग मायक्रोफोन एका वितीवर आणला. अंतर चौथाई झाले की आवाज जवळजवळ चौपट पोचतो. वाढवावे लागते कमी. आता दोन्हींत भेद सापडेना. उरला तो पंख्याचा आवाज, आणि त्यावर कुठल्याच मिक्सरपाशी औषध नव्हते. पंखा बंद केला.

सप्ताहातले कीर्तन असते तर मी मिक्सरच्याच बाजूचा. बुवा, पखवाज, पेटी, टाळकरी, इतक्यांना एका मायक्रोफोनने न्याय मिळत नाही. तिथे प्रत्येकाचा आवाज वेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे. पण एकटी काकू आणि एक जाते, त्याला सेलवर चालणारा रेकॉर्डर पुरे. उरलेल्या पैशांत एक बरा मायक्रोफोन घेतला.

पहाटे काकूने दारातच विचारले, “ते घरघर करणारं पेटारं आणलंस का रं पुन्हा?” नाही म्हटल्यावर ती निवांत जात्याला बसली. मायक्रोफोन तोंडासमोर न धरता, श्वास आदळू नये म्हणून जरा बाजूला, एका वितीवर ठेवला. जात्याची घरघर मागे राहिली, शब्द पुढे आले. मधेच एक कोंबडा ओरडला. तो राहू दिला आहे.

दळण संपल्यावर ती म्हणाली, “आता वहिनीचं लाव.” मी संकोचलो, तरी आत्याचे ते फाटके मुद्रण लावले. एके ठिकाणी आत्याचा शब्द पार विरून गेला होता. इतकी वर्षे मला तो लागत नव्हता. काकूने मान न उचलता तो पुरा केला आणि ओवीची उरलेली ओळही म्हटली. रेकॉर्डर अजून चालूच होता.